दोन फ्रेमच्या मधलं

रविवारी सकाळी आईची नखं कापायची, हे काम ताईचं होतं. खिडकीशी ऊन आलं की ती जमिनीवर जुना पेपर पसरायची, आईला खुर्चीत बसवायची आणि स्वतः खाली बसून तिचा हात आपल्या मांडीवर घ्यायची. आईची सगळी नोकरी टंकलेखनात गेलेली. टाइपरायटरच्या कळांवर नख आपटलं की तिच्या अंगावर काटा यायचा, म्हणून जन्मभर तिने नख बोटाबाहेर डोकावू दिलं नव्हतं. आता डोळ्यांना नीट दिसेना, तेव्हा नेलकटर लेकीच्या हातात आलं होतं, एवढंच. देखरेख मात्र वरून चालूच असायची.

"करंगळीचं राहिलं बघ."

"दिसतंय मला, आई."

त्या रविवारी करंगळी व्हायच्या आत बेल वाजली आणि छोटू आला. छोटूने चाळिशी ओलांडली होती, दाढीत पांढरं दिसायला लागलं होतं, पण घरात तो छोटूच. जिन्यातून त्याने कॅमेरा, दिवे, स्टँड आणि कॉम्प्युटरचं एक भलंमोठं खोकं वर आणलं. कुणाला काही न विचारता ते खोकं बाबांच्या खोलीत नेऊन ठेवलं. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्या खोलीतला पलंगसुद्धा ताईने अजून हलवला नव्हता.

छोटू व्हिडिओ आर्टिस्ट होता. म्हणजे नक्की काय, हे ताईला कधी पटलं नव्हतं. ती स्वतः संकलक होती. जाहिरात, मालिका, माहितीपट, समोर येईल ते कापून, जोडून, दिलेल्या वेळात बसवून द्यायची. छोटूच्या फिल्ममध्ये काहीच घडत नसे, आणि ते न घडायला बराच वेळ लागत असे. लोक काळोख्या दालनात उभे राहून ते बघत, मान हलवत आणि बाहेर येऊन हळू आवाजात बोलत. मागच्या खेपेला त्याने वितळणारा बर्फ दाखवला होता.

"या वेळी आईवर करतोय," तो म्हणाला. भिंतीला रंग देतोय अशा सुरात.

"आईवर म्हणजे?"

"आई चादरीची घडी घालते ना, ते. एक घडी. सकाळी दालन उघडेल तेव्हा ती सुरू होईल आणि संध्याकाळी दालन बंद होताना संपेल. वेळ म्हणजे काय, ते माणसाला अंगावर जाणवलं पाहिजे."

"वेळ म्हणजे काय ते मला जाणवतं. रोज तिला औषधं देताना जाणवतं. तू महिन्यातून एकदा येतोस, तुला नसेल जाणवत. आई काही तुझा कच्चा माल नाही."

"राहू दे गं," आई म्हणाली. "चादर कुठली घेऊ? निळी घेऊ?"

हेच. ताईच्या डोक्यात तिडीक गेली. छोटूने मागितलं आणि आईने दिलं नाही, असं या घरात एकदाही झालं नव्हतं.

मोठी चादर एकट्याने घडी करायची आईची एक रीत होती. बाबा होते तेव्हा दुसरं टोक ते धरायचे. म्हणजे धरायला यायचे, सावकाश, हातातलं काम संपवून. "घाई कसली?" हे त्यांचं आयुष्यभराचं उत्तर. आई दोन कोपरे धरून उभी राहायची, पायाने ताल धरायची, आणि मग ते यायचे. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख हातोडी बसून मधोमध चिरलं होतं, ते पुन्हा कधी सांधलंच नाही. चादरीच्या धाग्यात ते नख अडकायचं आणि आई रोज त्यावरून बोलायची. ते गेल्यावर आई चादरीची मधली कड हनुवटीखाली दाबायला शिकली. दोन्ही हात लांब करायचे, कोपरे जुळवायचे, हनुवटी सोडायची, पुन्हा दुमडायचं. शेवटी घडीवर दोन चापट्या मारायच्या आणि खिडकीबाहेर बघायचं.

ते सगळं मिनिटभरात उरकलं. दिवे लावायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला होता.

"झालं," छोटू म्हणाला. ताई भांडायच्या तयारीत पदर खोचून उभी होती, तिला भांडायलाही मिळालं नाही.

---

काम खरं तिथून पुढे होतं, आणि ते बाबांच्या खोलीतलं खोकं करत होतं. कॅमेरा सेकंदाला पंचवीसेक चित्रं घेतो. एका चित्रात हात इथे, पुढच्यात तिथे. त्या दोन चित्रांच्या मध्ये कॅमेऱ्याने काहीच पाहिलेलं नसतं. मिनिट दिवसभर ताणायचं तर ती मोकळी जागा भरावी लागते, आणि कॉम्प्युटर ती अंदाजाने भरतो. हात इथून तिथे गेला, तर मध्ये असा असेल, त्याच्या मध्ये असा. खऱ्या चित्रांच्या मध्ये मनाची चित्रं, शेकड्यांनी. ताई कधी गरज पडली तर एखाद्या शॉटला चार-सहा अशी चित्रं भरायची आणि तेही नाइलाजाने. छोटू अख्खी आई अशी भरत होता.

खोक्याचे पंखे दिवसरात्र घरघरत होते. छोटू यायचा, पडद्यावर डोकावायचा, चहा पिऊन जायचा. विजेचं, धुळीचं, आवाजाचं बघायला ताई होतीच.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते चहाच्या वेळी. आईने कप उचलला. ताईने स्वतःचा चहा संपवला, कप विसळला, ओटा पुसला आणि मागे वळली, तर आईचा कप अजून बशी आणि ओठ यांच्या मध्येच होता. थरथर नाही, काही नाही. नुसता वर जात होता.

"आई?"

उत्तर यायला इतका वेळ लागला की ताई तिच्या खांद्याला हात लावायला पुढे झाली होती.

"काय गं?" आई म्हणाली आणि घोट घेतला. चहावर साय धरली होती.

टंकलेखनात जिच्या बोटांकडे बघून साहेब लोक गप्प व्हायचे, ती बाई आता नळाखाली हात धरायची आणि बादली भरून वाहायला लागायची. जिन्याच्या एका पायरीवर टेकलेलं पाऊल दुसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत खालच्या मजल्यावरचा माणूस दोनदा वर-खाली करून जायचा. ताई तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करायला लावल्या, सगळ्या चांगल्या आल्या, तेव्हा त्यांनी हात वर केले.

"वयाप्रमाणे माणूस मंदावतो हो."

"आठवड्यात?"

"तुमच्या लक्षात आत्ता आलं असेल."

म्हणजे दोष पुन्हा ताईच्याच डोळ्यांचा. फी देऊन ती बाहेर पडली ती कानशिलं तापवूनच.

आणि मग नखं. बुधवारी आईला भाजीतला देठ निवडताना पाहिलं आणि ताई थबकली. नखं बोटाबाहेर आली होती. चांगली वाढलेली, महिनाभर हात न लावल्यासारखी. रविवारी कापली होती ना आपण? करंगळीसकट? ताईने त्याच दिवशी पेपर पसरला आणि पुन्हा कापली. शनिवारी ती परत तेवढीच होती, वर टोकाला पिवळसर.

"आई, नुसती बसून कंटाळा येत नाही का तुला?"

आईचं तोंड हळूहळू तिच्याकडे वळलं. चेहरा छान दिसत होता, हेच ताईला सहन होईना.

"बसून कुठे?" आई म्हणाली. "कामात असते की."

"कसलं काम?"

"आवरायचं राहिलं होतं किती. चादरी, उशांचे अभ्रे. दोघं असलं की होतं पटापट." मग जरा थांबून, "अगदी पटापट नाही म्हणा. पण घाई कसली?"

आईच्या तोंडी ते दोन शब्द तिने आजवर फक्त चिडवून म्हटलेले ऐकले होते.

---

"जरा सांधे बघून दे ना," छोटू एका दुपारी म्हणाला. "मधल्या चित्रांत काहीतरी चुकतंय. कॉम्प्युटर मनाचं घालतोय."

"मनाचंच घालायला लावलंयस तू त्याला."

तरी ती बसली. कामाची खोड. बाबांच्या पलंगाच्या कडेवर बसून तिने खरी चित्रं एका ओळीत लावली, मधली दुसऱ्या ओळीत, आणि एकेक फ्रेम पुढे सरकवायला लागली.

खऱ्या चित्रात आई होती, हनुवटीखाली निळी चादर, हात पसरलेले. पुढच्या खऱ्या चित्रातही तीच, हात किंचित जवळ. आता मधली. पहिली काही बरोबर होती. मग आईची हनुवटी वर झाली. चादर पडायला हवी होती. पडली नाही. ती पुढे ताणली गेली, चौकटीच्या डाव्या कडेपर्यंत, आडवी, सरळ, मध्ये झोळ नाही. दुसरं टोक कुणीतरी धरल्यावर असते तशी. आणि आई तोंड उघडून हसत होती. दीड वर्षात ताईने ते हसू पाहिलं नव्हतं.

आणखी पुढे. आई घडी घेऊन डावीकडे चालत गेली. कोपऱ्याला कोपरा लावला. डाव्या कडेवरून चौकटीत चार बोटं आणि एक अंगठा आला, कोपरा घेण्यासाठी. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं.

मग पुढचं खरं चित्र आलं. आई एकटी, चादर हनुवटीखाली.

ताई पलंगावरून ताडकन उठली. "लाज नाही वाटली तुला?"

"काय?"

"बाबांचं जुनं शूटिंग काढून त्यात घुसवलंस. आईला न सांगता. मला न सांगता. कुठल्या तरी दालनात चार लोकांनी माना डोलवाव्यात म्हणून."

"ताई, बाबांचं शूटिंग माझ्याकडे नाहीच आहे. ते कधी उभे राहायचे का कॅमेऱ्यासमोर?"

ते खरं होतं. बाबा कॅमेरा दिसला की दुसऱ्या खोलीत जायचे. छोटूचा चेहरा पांढरा पडला होता, एवढं नाटक त्याला येत नव्हतं. पण पुढच्याच क्षणी त्याच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली.

"हे काय आहे मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण असं कुणाला मिळालेलं नाही. अजून ताणलं तर अजून दिसेल. चेहरा दिसेल."

"आई बाहेर घोटभर पाणी प्यायला तास लावतेय, आणि तू अजून ताणणार?"

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

संबंध काय, ते ताईलाही सांगता आलं नसतं. पण खोकं आलं आणि आई मंदावली, एवढं तिला कळत होतं आणि तेवढं पुरे होतं. तिला छोटूचा राग आला, डॉक्टरचा आला, आणि खोटं कशाला बोला, बाबांचाही आला. जिवंतपणी बोलावून यायचे नाहीत, आणि आता न बोलावता चादर धरायला हजर.

"बंद कर ते."

"प्रदर्शन तोंडावर आलंय, ताई."

तो दालनात मांडामांड बघायला निघून गेला. जाताना खोक्याला आणखी ताणायचं काम लावून गेला. पंख्यांची घरघर वाढली.

---

बाहेरच्या खोलीत आई खुर्चीत होती. हातात चमचा, चमच्यात औषध. ताई समोर बसून राहिली. भिंतीवरचं ऊन कपाटावरून सरकून दारापर्यंत गेलं, तरी चमचा ओठाला लागला नाही. आईची पापणी खाली येताना दिसत होती. कधी नव्हे ते ताईने पापणी खाली येताना पाहिली.

"आई, माझ्याकडे बघ."

आईने बघितलं नाही. ओठ हलत होते, हसू यायच्या आधी हलतात तसे. चमच्यावरची नखं आता पुढे वळायला लागली होती.

आई जात होती. पडून नाही, आजारी होऊन नाही. ताईच्या डोळ्यांदेखत, खुर्चीत बसून, मजेत.

ताई उठली आणि बाबांच्या खोलीत गेली.

संकलकाचा एक शिरस्ता असतो. कापलेलं काही टाकायचं नाही. रिकामा शॉट असो, हललेला असो, नटाने चुकून जांभई दिलेली असो, वेगळं काढून ठेवायचं. कधी काय लागेल सांगता येत नाही. ताईने तो शिरस्ता सगळ्या कामात पाळला होता आणि हाताखालच्या मुलांना त्यावरून फैलावर घेतलं होतं.

तिने काम थांबवलं. खरी चित्रं एकीकडे केली. मधली सगळी निवडली.

पडद्यावर शेवटचं बनलेलं चित्र तसंच होतं. घडी पूर्ण झालेली नव्हती. चादर ताणलेली, दुसरं टोक चौकटीबाहेर. आई मात्र चादरीकडे बघत नव्हती. तिने मान वळवून सरळ कॅमेऱ्यात बघितलं होतं आणि एक हात सोडवून वर केला होता, तळवा पुढे.

निरोप द्यायला हात करतात तसा नव्हता तो.

टाइप करताना मध्ये कुणी बोललं की आई असा हात करायची. थांब.

"खूप थांबले," ताई मोठ्याने म्हणाली.

कॉम्प्युटरने विचारलं, कायमचं काढू का. तिने हो म्हटलं.

पंखे थांबले. कितीतरी दिवसांनी घरात आवाज नव्हता.

मग बाहेरून चमचा बशीत टाकल्याचा आवाज आला, खण्णकन.

"ताई, चहा टाकू का गं?"

---

त्या दुपारी ताई रडली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आई तिच्या केसांतून हात फिरवत "राहू दे गं, राहू दे" म्हणत होती आणि ती नखं टाळूला लागत होती. ताईने डोळे पुसले, पेपर पसरला आणि तिथल्या तिथे सगळी कापून टाकली. ती घाईत होती. डाव्या अंगठ्याचं नख तिरकं कापलं गेलं, एका बाजूला टोक राहिलं. ते सारखं करायला गेली तर कातडी दुखावेल असं वाटलं.

"असू दे," आई म्हणाली. "वाढेल तेव्हा नीट काप."

छोटू संध्याकाळी आला. खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा तो ओरडेल अशी ताईने तयारी ठेवली होती. तो ओरडला नाही.

"कॉपी ठेवली असशील ना," तो म्हणाला. "तू ठेवतेस."

"नाही."

"त्यात आई होती, ताई."

"आई ती बघ. ओट्याशी."

आई ओट्याशी उभी होती, भराभर पोळ्या लाटत होती. छोटूने तिच्याकडे बघितलं, मग ताईकडे, आणि खोकं उचलून निघून गेला. प्रदर्शनात त्याने मूळ मिनिटभराचंच शूटिंग लावलं, पुन्हा पुन्हा फिरणारं. लोकांना म्हणे आवडलं.

घर मार्गी लागलं. आई पूर्वीसारखी चटपटीत झाली, जिने चढायला लागली, औषध वेळेवर घ्यायला लागली. विचारलं तर बोलायची, हाक मारली तर यायची. रोज सकाळी निळी चादर घडी करायची, हनुवटीखाली धरून. ताईने एकदा दुसरं टोक धरायला हात पुढे केला, तर तिने बघितलंच नाही. हनुवटी सोडली, दुमडलं, घडीवर दोन चापट्या मारल्या आणि खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. खिडकीबाहेर बघताना तिची मान जेवढी वळायची, ती ताईला चांगली माहीत होती. तो शॉट तिने फ्रेम फ्रेम करून पाहिला होता.

एका मालिकेचं काम अंगावर आल्यामुळे ताईचे पुढचे काही रविवार स्टुडिओत गेले. मग एकदाचा मोकळा रविवार मिळाला. ऊन खिडकीशी आलं. तिने पेपर पसरला, आईला खुर्चीत बसवलं आणि खाली बसून तिचा हात मांडीवर घेतला.

आईने वरून देखरेख केली नाही.

करंगळीचं नख बोटाच्या आत होतं. अनामिकेचं आत होतं. ताईने चष्मा पुसला आणि हात उजेडाकडे वळवला.

डाव्या अंगठ्याचं नख तिरकं होतं. एका बाजूला टोक राहिलेलं होतं, त्या दुपारी राहिलं होतं तेवढंच.